टपाली मतपत्रिका: अर्जापासून मोजणीच्या टेबलापर्यंत

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात केवळ मतदान यंत्रांवरील मतांची बेरीज पाहिली, तर अमोल कीर्तिकर हे रवींद्र वायकर यांच्यापेक्षा एका मताने पुढे होते. टपाली मतांमध्ये मात्र वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली आणि अंतिम निकाल वायकर यांच्या बाजूने ४८ मतांनी लागला. त्याच मोजणीत १११ टपाली मतपत्रिका बाद ठरल्या होत्या, म्हणजे विजयी मताधिक्याच्या दुपटीहून अधिक. निकालाला आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. परंतु टपाली मतपत्रिका कोणाला दिली जाते, ती कोणाच्या ताब्यात राहते आणि कोणत्या कारणाने बाद होते, हे प्रश्न त्या दिवसापासून सामान्य वाचकही विचारू लागला.

पुढील विवेचन भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होणाऱ्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांपुरते आहे. महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील टपाली मतपत्रिका कक्षात प्रथमच नेमणूक झालेले कर्मचारी, उमेदवारांचे प्रतिनिधी आणि या पद्धतीने मत देणारे मतदार अशा तिघांनाही उपयोगी पडेल, अशा क्रमाने ही प्रक्रिया मांडली आहे.

कोणाला टपाली मतपत्रिका मिळते

आपल्याकडे टपाली मतदान ही सर्वांसाठी खुली असलेली सोय नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम ६० आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ यांनी ठरवून दिलेल्या गटांनाच ती उपलब्ध आहे, आणि कार्यालयाचे पहिले काम या गटांच्या याद्या वेगवेगळ्या आणि अचूक तयार करणे हे असते.

पहिला गट सेनादलांतील मतदारांचा, म्हणजे ‘सर्व्हिस व्होटर’चा. त्यात लष्कर, नौदल, हवाई दल, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले, राज्याबाहेर तैनात असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशांतील भारतीय वकिलातींमध्ये नेमलेले सरकारी कर्मचारी येतात. त्यांच्यासोबत राहणाऱ्या पत्नीलाही ही सोय होती. २०२१ च्या कायदादुरुस्तीने ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ आला, त्यामुळे महिला अधिकाऱ्याच्या पतीलाही ती मिळाली. दुसरा गट निवडणूक कर्तव्यावरील मतदारांचा आहे. त्यात मतदान केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी यांच्याबरोबर बंदोबस्तावरील पोलीस, गृहरक्षक दलाचे जवान, निवडणुकीसाठी घेतलेल्या वाहनांचे चालक आणि चित्रीकरण करणारेही येतात. नेमके हे शेवटचे लोकच यादीतून निसटतात, कारण त्यांचे नेमणूक आदेश वेगळ्या कक्षातून निघतात. तिसरा, संख्येने लहान गट प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांचा आहे. शिक्षा भोगणाऱ्या किंवा कच्च्या कैद्यांना कलम ६२ नुसार मतदानच करता येत नाही, आणि ही दोन प्रकरणे एकमेकांत मिसळू नयेत.

चौथा गट ‘अनुपस्थित मतदार’ या नावाने २०१९ च्या नियमदुरुस्तीतून आला. सुरुवातीला त्यात ८० वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक होते. मार्च २०२४ मध्ये ही मर्यादा ८५ वर्षे करण्यात आली. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेले मतदार आणि आयोगाने त्या निवडणुकीपुरत्या अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांमधील कर्मचारीही याच गटात मोडतात. मतदानाच्या दिवशी वार्तांकनासाठी आयोगाचे प्राधिकारपत्र मिळालेल्या पत्रकारांचा समावेशही अलीकडच्या निवडणुकांत या सेवांमध्ये केला गेला आहे.

दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारे आणि भारतीय पारपत्र कायम ठेवलेले मराठी मतदार या प्रक्रियेत कुठेच नाहीत. परदेशस्थ मतदार म्हणून त्यांना यादीत नाव नोंदवता येते, मात्र मत देण्यासाठी आपल्या मतदान केंद्रावर मूळ पारपत्र घेऊन स्वतःच हजर राहावे लागते. त्यांना इलेक्ट्रॉनिक मार्गाने टपाली मतपत्रिका देण्याचा प्रस्ताव आयोगाने २०२० मध्ये सरकारकडे पाठवला होता, पण ती सोय अद्याप लागू झालेली नाही.

अर्ज, मुदत आणि यादीवरची खूण

प्रत्येक गटाचा नमुना वेगळा आहे, आणि चुकीच्या नमुन्यात आलेला अर्ज हा पहिल्या आठवड्यातील सर्वांत मोठा डोकेदुखीचा विषय असतो. निवडणूक कर्तव्यावरील व्यक्तीचे नाव ज्या मतदारसंघात आहे त्याच मतदारसंघात तिची नेमणूक असेल, तर तिने नमुना १२ ए भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्यावे आणि नेमणुकीच्या केंद्रावरच यंत्रावर मत द्यावे. नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात असेल, तर नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागावी. नियमांत नमुना १२ साठी मतदानापूर्वी सात दिवस आणि नमुना १२ ए साठी चार दिवस अशी मुदत आहे. निवडणूक निर्णय अधिकारी ती कमी करू शकतात, परंतु प्रत्यक्षात पहिल्या प्रशिक्षणाच्या वेळीच, नेमणूक आदेश हातात देतानाच, हे अर्ज भरून घेणे हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे.

ज्येष्ठ आणि अपंग मतदारांसाठी नमुना १२ डी आहे. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, तो घरी नेऊन देतो, पोच घेतो आणि भरलेला अर्ज परत आणतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यानंतर पाच दिवसांच्या आत हा अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे ही मुदत २७ ऑक्टोबरला संपली, आणि मतदान तर २० नोव्हेंबरला होते. मतदानाच्या आठवड्यात चौकशी करणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे नकारच ऐकावा लागतो. ही सोय ऐच्छिक आहे, हेही बीएलओने घरी नीट समजावून सांगितले पाहिजे, कारण अर्ज एकदा मंजूर झाला की त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

ही शेवटची अट कागदावर कशी उतरते, हे पाहण्यासारखे आहे. टपाली मतपत्रिका देताना मतदार यादीच्या चिन्हांकित प्रतीत त्या मतदाराच्या नावासमोर ‘पीबी’ अशी खूण केली जाते, आणि तीच प्रत मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाकडे जाते. त्यामुळे तोच मतदार केंद्रावर आला तर त्याला यंत्रावर मत देता येत नाही. मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर मतदाराचा यादीतील क्रमांक लिहितात, मात्र यादीच्या चिन्हांकित प्रतीवर मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा नसतो. नियमाने हा उलटा उल्लेख मुद्दाम टाळला आहे, कारण यादीची ती प्रत अनेक हातांतून जाते. ती पाहणाऱ्या कोणालाही मतदाराच्या नावावरून त्याच्या मतपत्रिकेपर्यंत पोचता येता कामा नये. सर्व मतपत्रिका दिल्यानंतर स्थळप्रती पाकिटात घालून मोहोरबंद केल्या जातात. नवीन कर्मचारी हिशेबाच्या सोयीसाठी आपल्या वहीत दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवतात. ते कटाक्षाने टाळावे, कारण अशी वही म्हणजे मतदाराची गोपनीयता भंग करणारी दुसरी नोंदच होय.

दोन पाकिटे आणि एक घोषणापत्र

टपाली मतदानाच्या सुरक्षिततेचा गाभा कुलुपांत किंवा पहाऱ्यात नाही. मत कोणी दिले हे एका टप्प्यापर्यंत पक्के सिद्ध करायचे आणि त्या टप्प्यानंतर ते कोणालाही कळणार नाही अशी व्यवस्था करायची, हे काम चार साध्या कागदांवर सोपवलेले आहे. मतदाराला मतपत्रिकेबरोबर नमुना १३ ए, १३ बी, १३ सी आणि १३ डी मिळतात. १३ ए हे मतदाराचे घोषणापत्र, १३ बी हे मतपत्रिकेचे आतील लहान पाकीट, १३ सी हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नावाचे बाहेरील मोठे पाकीट आणि १३ डी हे सूचनापत्र.

मतदाराने करायच्या गोष्टी अशा आहेत:

१. मतपत्रिकेवर आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोर स्पष्ट खूण करावी. बरोबरची किंवा फुलीची, कोणतीही खूण चालते. मात्र सही, नाव, अंगठा किंवा ओळख पटेल असे काहीही मतपत्रिकेवर लिहू नये.

२. मतपत्रिका घडी घालून १३ बी पाकिटात ठेवावी, पाकीट बंद करावे आणि त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक आहे याची खात्री करावी.

३. घोषणापत्रात, म्हणजे १३ ए मध्ये, तोच अनुक्रमांक लिहावा, साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर सही करावी आणि त्या अधिकाऱ्याची सही, नाव व पदनाम घ्यावे.

४. बंद केलेले १३ बी आणि सुटे १३ ए हे दोन्ही १३ सी पाकिटात घालून ते बंद करावे.

चौथ्या पायरीवर होणारी चूक सर्वांत महागात पडते. घोषणापत्र मतपत्रिकेसोबत आतल्या पाकिटात गेले, तर मोजणीच्या टेबलावर बाहेरचे पाकीट उघडल्यावर १३ ए सापडत नाही, आणि आतले पाकीट न उघडताच ते मत बाद होते. मतदार खरा, खूण स्पष्ट, सही व साक्षांकन बिनचूक असूनही मत वाया जाते. अनुक्रमांक लिहायचा राहिला किंवा दोन ठिकाणी वेगळा पडला, तरी परिणाम तोच. म्हणून पेटीपाशी बसलेल्या कर्मचाऱ्याने पाकीट बंद करण्यापूर्वी मतदाराला केवळ हे दोन मुद्दे विचारले, तर बाद मतांची संख्या जितकी घटेल तितकी दुसऱ्या कोणत्याही उपायाने घटणार नाही, असे माझे मत आहे. हे विचारताना मतपत्रिकेकडे पाहण्याची गरजही पडत नाही.

सुविधा केंद्र: कर्मचाऱ्याच्या घरून पेटीपर्यंत

२०२३ पूर्वी निवडणूक कर्तव्यावरील कर्मचारी मतपत्रिका घेऊन घरी जाऊ शकत होता आणि मोजणी सुरू होण्याच्या क्षणापर्यंत केव्हाही ती पाठवू शकत होता. मतपत्रिका इतके दिवस बाहेर राहिल्याने दबाव, आमिष आणि दाखवून मत देण्याचे प्रकार यांना वाव मिळतो, ही तक्रार जुनीच होती. आयोगाच्या शिफारशीनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये नियम १८ ए घालण्यात आला. आता अशा मतदाराने मतपत्रिका सुविधा केंद्रातच घ्यायची, तिथेच मत नोंदवायचे आणि तिथेच परत करायची. अत्यावश्यक सेवांतील मतदारांसाठी याच धर्तीवर टपाली मतदान केंद्र असते आणि ते मतदानाच्या दिवसापूर्वी ठरवून दिलेले सलग तीन दिवस चालते.

सुविधा केंद्र बहुधा प्रशिक्षणाच्या ठिकाणीच, एखाद्या सभागृहात किंवा महाविद्यालयात, उभारले जाते. तिथे मतदान केंद्राइतकीच शिस्त हवी: ओळखपत्राची तपासणी, आडोसा असलेला मतदान कक्ष, भ्रमणध्वनी आत नेण्यास मनाई, साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकारी आणि मोहोरबंद पेटी. केंद्राची तारीख, वेळ आणि ठिकाण उमेदवारांना आधी लेखी कळवायचे असते आणि त्यांच्या प्रतिनिधींना तिथे बसता येते. पेटी रिकामी असल्याचे त्यांना दाखवून ती बंद करावी, दिवसअखेर त्यांच्यासमोर ती उघडून पाकिटे मोजावीत, आकडा नोंदवहीत लिहावा आणि पाकिटांचे गठ्ठे मोहोरबंद करून त्याच दिवशी सुरक्षा कक्षात पोचवावेत. मतपत्रिका किती दिल्या, किती परत आल्या आणि किती शिल्लक आहेत या तीन आकड्यांचा ताळमेळ त्या दिवशी बसलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाहू, असे म्हणून कोणी उठले तर नंतर तो हिशेब लागत नाही.

एका जिल्ह्यात काम करणाऱ्या शिक्षकाचे नाव दुसऱ्या जिल्ह्याच्या मतदार यादीत असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यासाठी कर्मचाऱ्यांची पाकिटे मतदारसंघनिहाय वेगळी करून अदलाबदलीच्या केंद्रामार्फत संबंधित निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवली जातात. प्रत्येक हस्तांतरणाला दोन्ही बाजूंच्या सह्यांची पोचपावती आणि पोलीस बंदोबस्त लागतो. पाकिटे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात असतानाच हरवण्याची भीती अधिक असते, म्हणून उमेदवारांच्या प्रतिनिधींनी पेटीपेक्षाही या पोचपावत्यांकडे लक्ष ठेवणे शहाणपणाचे ठरते.

घरून मतदान

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय प्रथमच देशभर मिळाली, त्याआधी ती काही राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत वापरली गेली होती. मतपत्रिका मतदाराला आधी पाठवली जात नाही. मतदान अधिकाऱ्यांचे पथक पोलीस आणि चित्रीकरण करणाऱ्यासह घरी जाते, ओळख पटवते, तिथेच मतपत्रिका देते आणि भरलेले पाकीट घेऊन त्याच दिवशी परतते. पथकाचा मार्ग आणि वेळापत्रक उमेदवारांना आधी कळवलेले असते, त्यामुळे त्यांचा प्रतिनिधी सोबत जाऊ शकतो. चित्रीकरण प्रक्रियेचे करायचे आहे, मताचे नव्हे; मतदार खूण करत असताना कॅमेरा दुसरीकडे वळलेला असला पाहिजे.

गोपनीयतेची खरी कसोटी इथे लागते. दोन खोल्यांच्या घरात आजींभोवती मुलगा, सून, नातवंडे आणि शेजारी गोळा झालेले असतात, आणि ‘आजीला दिसत नाही, मीच करतो’ असे म्हणत कोणीतरी पुढे येतो. दृष्टिहीन किंवा हाताने खूण करू न शकणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीच्या सज्ञान व्यक्तीची मदत घेता येते, हे खरे. पण ती व्यक्ती कोण असावी, हे मतदाराने सांगायचे असते, घरच्यांनी ठरवायचे नसते. पथकप्रमुखाने हा प्रश्न थेट मतदाराला विचारावा, उत्तराची वाट पाहावी आणि बाकीच्यांना नम्रपणे पण ठामपणे बाहेर थांबण्यास सांगावे. मतदार पहिल्या भेटीत घरी नसेल, तर दुसऱ्या भेटीची वेळ कळवून पथक पुन्हा जाते. त्या वेळीही तो भेटला नाही तर तिसरी भेट होत नाही, आणि नावासमोर ‘पीबी’ अशी खूण असल्याने केंद्राचा मार्गही बंद झालेला असतो. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत सर्व भेटी पूर्ण व्हाव्या लागतात.

सीमेवरून येणारे पाकीट

उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ही मुदत ४ नोव्हेंबरला संपली, म्हणजे मतदानाला सोळा दिवस उरले होते. एवढ्या काळात सियाचीन किंवा तवांग येथील जवानाला टपालाने मतपत्रिका जाऊन परत येणे जवळजवळ अशक्यच. त्यासाठी आयोगाने सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतपत्रिका पाठवण्याची प्रणाली, म्हणजे ईटीपीबीएस, उभी केली आणि २०१६ मध्ये पुदुच्चेरीतील नेल्लिथोप पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली. या प्रणालीत फक्त जाण्याचा प्रवास इलेक्ट्रॉनिक आहे. जवान सांकेतिक क्रमांक आणि पासवर्ड वापरून मतपत्रिका उतरवून घेतो, छापतो, खूण करतो, घोषणापत्र आपल्या अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतो आणि पाकीट टपालाने पाठवतो. त्यासाठी त्याला तिकीट लावावे लागत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १८ लाख नोंदणीकृत सेनादल मतदारांपैकी १० लाख ८४ हजारांहून अधिक जणांच्या मतपत्रिका या मार्गाने परत आल्या.

छापील कागदाची दुसरी प्रत सहज निघू शकते, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर क्यूआर संकेतांत आहे. बाहेरचे पाकीट, घोषणापत्र आणि आतले पाकीट या तिन्हींवर वेगवेगळे क्यूआर संकेत असतात. मोजणीच्या दिवशी ते वाचल्यावर एकाच मतदाराची दोन पाकिटे आल्यास प्रणाली ती लगेच दाखवते.

सुरक्षा कक्ष आणि टपाल कार्यालय

जमा झालेल्या टपाली मतपत्रिका मतदान यंत्रांच्या कक्षात ठेवल्या जात नाहीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र सुरक्षा कक्ष असतो. सशस्त्र पहारा आणि कॅमेरे तर असतातच, पण या कक्षाची मूळ अडचण वेगळी आहे. यंत्रांचा कक्ष एकदा मोहोरबंद झाला की मोजणीच्या सकाळीच उघडतो, टपाली मतपत्रिकांचा कक्ष मात्र नव्या पाकिटांसाठी पुन:पुन्हा उघडावा लागतो. म्हणून प्रत्येक वेळी उमेदवारांना पूर्वसूचना, चित्रीकरण, पंचनामा आणि नोंदवहीत उघडण्याची व बंद करण्याची वेळ या चार गोष्टी चुकवू नयेत. मोहोर तोडण्यापूर्वी ती शाबूत असल्याचे उपस्थित प्रतिनिधींना दाखवून तसे पंचनाम्यात लिहावे.

टपालाने येणाऱ्या पाकिटांसाठी निवडणूक निर्णय अधिकारी स्थानिक टपाल कार्यालयाशी आधीच लेखी व्यवस्था ठरवतात. प्रत्येक पाकिटावर मिळाल्याची तारीख आणि वेळ टाकली जाते. मोजणीच्या दिवशी मोजणी सुरू होण्याच्या वेळेपूर्वी, म्हणजे सहसा सकाळी ८ पूर्वी, शेवटचे टपाल थेट मोजणी केंद्रावर आणून देण्याची सोय केलेली असते. त्या वेळेनंतर आलेले पाकीट उघडताच येत नाही. ते वेगळ्या पाकिटात ठेवून मोहोरबंद केले जाते.

मोजणीच्या टेबलावर

नियम ५४ ए नुसार मोजणीची सुरुवात टपाली मतपत्रिकांनी होते. त्यांच्यासाठी वेगळी टेबले असतात, एका टेबलावर ५०० पेक्षा अधिक मतपत्रिका दिल्या जात नाहीत आणि प्रत्येक टेबलावर उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी बसू शकतो. अनेक पक्ष अनुभवी प्रतिनिधी यंत्रांच्या टेबलांवर आणि नवख्यांना टपाली टेबलावर बसवतात. वास्तविक यंत्रावरचा आकडा वाचायला अनुभव लागत नाही. वाद होतो आणि निर्णय माणसाला घ्यावा लागतो तो टपाली टेबलावर.

प्रथम १३ सी उघडून १३ ए तपासले जाते. घोषणापत्र नसेल, सही किंवा साक्षांकन नसेल, त्यात मोठी त्रुटी असेल किंवा अनुक्रमांक १३ बी वरील अनुक्रमांकाशी जुळत नसेल, तर १३ बी न उघडता ते मत नाकारले जाते आणि तशी नोंद पाकिटावर होते. किरकोळ त्रुटीसाठी मत नाकारणे मात्र योग्य नाही. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का नाही, एवढ्या कारणावरून मत बाद करावे की नाही, यावर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात मोठा वाद झाला. शिक्का नसला तरी मत ग्राह्य धरण्याच्या सूचनेला दिलेले आव्हान उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकले नाही.

यानंतरची पायरी घाईत चुकवली जाण्याची भीती असते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. योग्य ठरलेली सर्व घोषणापत्रे एका पाकिटात घालून ते पाकीट मोहोरबंद करायचे, आणि ते झाल्यावरच पहिले १३ बी उघडायचे. घोषणापत्रावर मतदाराचे नाव आहे, मतपत्रिकेवर त्याचे मत आहे. ही मोहोर लागेपर्यंत दोन्ही एकाच टेबलावर असतात आणि मोहोर लागल्यावर त्यांचा संबंध तुटतो. मोजणी प्रतिनिधीने दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण हा क्रम पाळला जातो की नाही हे पाहावे.

नंतर १३ बी एकेक करून उघडले जाते. मतपत्रिकेवर कोणालाच मत नसेल, एकाहून अधिक उमेदवारांना मत असेल, खूण कोणासाठी आहे हे ठरवता येत नसेल, मतदाराची ओळख पटवणारी खूण असेल, मतपत्रिका बनावट असेल, ओळखू न येण्याइतकी फाटली असेल किंवा ठरवून दिलेल्या पाकिटात नसेल, तर ती बाद होते. खूण पुसट आहे, पण मतदाराचा हेतू स्पष्ट दिसतो, अशी मतपत्रिका मात्र केवळ पुसटपणामुळे बाद करता येत नाही.

यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते आणि दोन्ही समांतर चालतात. टपाली मोजणी संपण्यापूर्वी यंत्रांच्या फेऱ्या संपाव्यात का, हा वादाचा मुद्दा होता. २०१९ मध्ये आयोगाने जुने बंधन काढले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने पुन्हा ठरवले की, त्या केंद्रावरील टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी घेऊ नये. हा निर्णय चांगला झाला. टपाली आकडा सर्वांत शेवटी बाहेर आला की तो बरोबर असला तरी संशयास्पद वाटतो.

बाद मतांची पुन्हा तपासणी

विजयी मताधिक्य बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निरीक्षकांच्या उपस्थितीत सर्व बाद टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या पाहिजेत आणि त्याचे चित्रीकरण केले पाहिजे, असा आयोगाचा आदेश आहे. बाद करण्याच्या निर्णयाचे वजन किती, हे गुजरातमधील ढोलका मतदारसंघाने दाखवले. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी विजयी झाले आणि ४२९ टपाली मते बाद ठरवली गेली होती. ही मते बेकायदेशीरपणे बाद केल्याचे मानून गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या निकालाला स्थगिती दिली. प्रत्येक बाद पाकिटावर कारण लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या अधिकाऱ्याने हे प्रकरण जरूर वाचावे.

उमेदवाराला फेरमोजणी हवी असेल, तर एकूण मते जाहीर झाल्यावर आणि अंतिम निकालपत्रावर, म्हणजे नमुना २० वर, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही होण्यापूर्वी कारणांसह लेखी अर्ज द्यावा लागतो. तोंडी हरकतीचा उपयोग होत नाही, म्हणून मतमोजणी प्रतिनिधीने कोरा कागद आणि पेन जवळ ठेवावे आणि टेबलावरील आकडे वेळच्या वेळी टिपून घ्यावेत.

मोजणी संपल्यावर वैध आणि बाद मतपत्रिका, घोषणापत्रे, स्थळप्रती आणि उशिरा आलेली पाकिटे यांचे वेगवेगळे गठ्ठे मोहोरबंद होतात. उमेदवार किंवा त्यांचे प्रतिनिधी त्यांवर आपली मोहोरही लावू शकतात. हे गठ्ठे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या ताब्यात जातात. निवडणूक याचिका दाखल करण्यासाठी निकालाच्या तारखेपासून ४५ दिवसांची मुदत असते, आणि घोषणापत्रे, स्थळप्रती व मतपत्रिका यांचे गठ्ठे न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही, अगदी जिल्हाधिकाऱ्यांनाही, उघडता येत नाहीत.